मधल्या पानाला वाट नव्हती

देऊळगाव राजाच्या बसस्टँडसमोर माझं वेबसाइटी बनवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचा डबाच. मे महिन्यात तो असा तापतो की समोरचा चहावाला गॅस वाचवायला किटली माझ्या छपरावर ठेवून जातो, आणि जालन्याची बस हलायच्या आत तिला उकळी फुटते. कोणाला खोटं वाटत असेल तर त्यानं मे महिन्यात यावं आणि पत्र्याला हात लावून पाहावा. दवाखाना पलीकडच्याच गल्लीत आहे.

येणारे बहुतेक सातबारा काढायला किंवा कसला तरी ऑनलाइन अर्ज भरायला येतात. वेबसाइट मागणारा क्वचितच येतो, आणि आला की सगळ्यांचं मागणं एकच असतं. ‘मोबाईलवर टाकलं की आमीच दिसलो पाह्यजे.’ मग मला त्याला बसवून समजवावं लागतं की नुसती वेबसाइट असून कोणी दिसत नाही. सर्च इंजिनचा एक गडी असतो, बॉट म्हणतात त्याला. तो जगातल्या सगळ्या वेबसाइटी हिंडतो, पण आंधळा असतो. एका पानावर लिंक सापडली की ती धरून दुसऱ्या पानावर जातो, तिथली लिंक धरून तिसऱ्यावर. ज्या पानावर जाईल ते नोंदीत घेतो. ज्या पानाकडे कुठूनच लिंक नाही, ते पान केवढंही देखणं असलं तरी त्याच्या लेखी पडीक. हे ऐकून आमच्याकडची माणसं लगेच मान डोलावतात, कारण मोजणीवाला त्यांनी पाहिलेला असतो. त्याला कोणी बांधापर्यंत नेलं नाही तर तो झाडाखाली बसून नकाशा भरतो आणि चहा पिऊन जातो.

समजलं म्हणून शहाणपण येतंच असं नाही. सोनाळ्याच्या एका संत्रेवाल्याला लिंकचं महत्त्व इतकं पटलं की त्यानं प्रत्येक पानावर प्रत्येक पानाची लिंक मागितली. वर मेव्हण्याच्या रोपवाटिकेची, साडूच्या टेम्पोची, ज्या मास्तरांनी त्याला चौथीत पास केलं त्यांच्या मुलाच्या मंगल कार्यालयाची. लग्नपत्रिकेवर जशी ‘आपले नम्र’खाली अख्खी वाडी छापतात तसं ते पान झालं. संत्री सापडायला खाली सरकवून सरकवून अंगठ्याला घट्टा पडायचा. बॉट एकदा आत गेला तो तीन आठवडे बाहेर आला नाही, असं मी त्याला सांगितलं. त्यानं काळजीनं विचारलं, ‘जेवला असेल ना?’

पण सांगायचं आहे ते सुलतानपूरकडच्या तीन घरांचं.

सुलतानपूरच्या पुढं, रस्त्याला लागून, शेतीच्या अवजारांचा एक कारखाना आहे. कारखाना म्हणजे तीन शेड आणि मधे दोन भिंती. बाप होता तेव्हा शेड एक होतं आणि भिंत नव्हती. बाप गेल्यावर तीन भावांत वाटणी झाली. मोठ्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि नांगर आले, धाकट्याकडे मळणीयंत्रं, आणि मधल्याकडे टोकणयंत्र. टोकणयंत्र म्हणजे हातानं ढकलायचं एक चाक, आणि चाकाला लोखंडी चोची. माणूस मागून ढकलत चालला की एकेक चोच मातीत शिरते आणि एकेक दाणा सोडते. सोयाबीन असो, हरभरा असो, ओळ सुतात. मधला भाऊ हे यंत्र मोटारसायकलच्या मागं बांधून गावोगावच्या बाजारात फिरायचा आणि विकायचा. मग तोही वारला. त्याच्या बायकोनं, मीही जिला वहिनीच म्हणतो तिनं, शेड चालू ठेवलं.

वाटणीत सगळं वाटलं गेलं. वेल्डिंगची यंत्रं वाटली, ऐरण वाटली, बापाचा फोटोसुद्धा तीन प्रती काढून वाटला. भिंती तर अशा उंच घातल्या की मोठ्याकडचा कोंबडा पहाटे आरवला की धाकट्याकडे ते जेवणाच्या वेळेला ऐकू येतं. नाव तेवढं कोणाला वाटता येईना. कारखान्याला बापाचं नाव होतं, पंचक्रोशीत चालायचं, आणि ते सोडायला कोणीच तयार नव्हता. म्हणून वेबसाइट एकच करायची, एका नावाची, आणि तिच्यात तिघांची तीन पानं, असं ठरलं.

हे ठरवलं त्यांच्या मामांनी. मामा म्हणजे त्या घराचं कोर्ट. त्यांनी आणखीही एक ठरवलं होतं. मोठ्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर उभ्या राहायला लागल्या होत्या, त्याला जागा कमी पडत होती आणि त्याचा डोळा मधल्या शेडवर होता. मामा म्हणाले, ‘मिरग लागेपर्यंत थांबायचं. सुनेचं शेड चाललं, माल उठला, तं शेड तिचं, कायमचं. माल भिताडाले टांगून राह्यला तं शेड मोठ्याले. मंग कोनी रडायचं नाही.’ वहिनी मान्य म्हणाली. तिला बाजारोबाजार फिरता येत नव्हतं. ती फिरली तर यंत्र बनवणार कोण? म्हणजे गिऱ्हाइकानंच तिला मोबाईलवर शोधून काढायला हवं होतं. तिचं सगळं त्या एका पानावर आलं होतं.

तिघं एकाच बसनं माझ्याकडे आले. तीन वेगवेगळ्या बाकांवर बसून आले आणि दुकानात तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे राहिले. माझ्या दुकानाला कोपरेच तीन आहेत, चौथ्यात प्रिंटर आहे. आता त्या घराची रीत अशी की सून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, तोंडातोंडी बोलत नाही. पदर घेते आणि तिसऱ्याला सांगते. भासरेही तिच्याशी थेट बोलत नाहीत. दोघांत दोन हातांचं अंतर आणि मधे मी.

मोठ्यानं सुरुवात केली. त्याचा आवाज असा की तो अंगणात खोकला तर सुलतानपूरच्या थांब्यावर बस सुटते.

‘पह्यलं पान बाबाचं. हार घातलेला फोटो. खाली माही लिंक, मंग धाकट्याची. झालं.’

‘आणि वहिनींची?’ मी विचारलं.

‘तिचंबी पान करा ना! म्या कुठी नाही म्हनलं? पन वाट बाबाच्या फोटोखालून नाही, माह्या पानावरूनबी नाही. धाकट्याले इचारा.’

‘दादाच्या पानावरून नाही तं माह्या पानावरून काऊन?’ धाकटा प्रिंटरकडे बघत म्हणाला.

वहिनी माझ्या कीबोर्डाला सांगत असल्यासारखी म्हणाली, ‘भाऊ, भासऱ्यायले म्हना, पान हाय आन् वाट नाही, तं मानूस येईन कुठून?’

मी वळलो. मोठ्यानं ऐकलेलंच होतं, पण रीत म्हणून मी ते पुन्हा सांगेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, ‘तिले सांग, येनारा येते. वावराले वाट नसली तरी पाखरं येतेच ना?’

‘पाखरं दाने खातेत म्हना, मशीन घेत नाहीत.’

धाकट्याला हसू आलं. ते त्यानं खोकल्यात घातलं.

मोठ्याच्या हट्टामागं इतिहास होता. त्यानं एकदा एका शेजाऱ्याला आपल्या वावरातून हरभऱ्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन जाऊ दिलं होतं. पुढच्या वर्षी शेजारी बैलगाडी घेऊन आला, त्याच्या पुढच्या वर्षी ट्रॅक्टर. शेजाऱ्यानं तहसीलमध्ये वहिवाट दाखवली आणि वाट कायम झाली. मोठ्याचं म्हणणं असं की आता तिथून वऱ्हाडाच्या लक्झरी बसा जातात, आणि तो स्वतःच्या तुरीत उभा असला की ड्रायव्हर त्यालाच हॉर्न मारून बाजूला व्हायला सांगतो.

‘एकदा लिंक देल्ली का वहिवाट लागते,’ तो म्हणाला.

‘दादा, लिंक केव्हाही काढता येते. एक बटन दाबलं की गेली.’

‘तहसीलदारबी असंच म्हनला व्हता.’

तहसीलदाराचं नाव आल्यावर पुढं बोलायला काही उरत नाही. मी ते म्हणाले तशी वेबसाइट केली. पहिलं पान बापाचं, त्याखाली दोन दारं. वहिनीचं पान तिसरं, सगळ्यांत चांगलं उतरलेलं: यंत्राचे फोटो, चोच कशी उघडते त्याचा व्हिडिओ, कोणत्या रानात किती अंतर ठेवायचं ते तिच्याच शब्दांत. पत्ता तोंडपाठ असला तर ते उघडायचं. वेबसाइटमध्ये मात्र कुठूनच तिथं जाता येत नव्हतं.

मी माझ्या परीनं एक केलं. वेबसाइटमधल्या सगळ्या पानांची यादी सर्च इंजिनकडे परस्पर देता येते, साइटमॅप म्हणतात तिला; ती दिली. काही दिवसांनी तिकडून शेरा आला: बाकीची पानं नोंदीत घेतली, टोकणयंत्राचं पान असल्याचं कळलं, अद्याप घेतलेलं नाही. हा शेरा होळीला होता, पाडव्याला होता, आणि हनुमान जयंतीच्या पंगती उठल्या तरी होता. ज्या पानाला घरचेच लिंक देत नाहीत ते महत्त्वाचं नसणार, असा हिशेब मशीन करते. माणसं तरी वेगळा कुठं करतात?

वहिनी बाजाराच्या दिवशी यायची, सामानाची पिशवी खाली ठेवायची आणि म्हणायची, ‘टाका.’ मी ‘टोकणयंत्र बुलढाणा’ टाकायचो. कुठली कुठली परमुलखातली यंत्रं दिसायची. खाली खूप खाली मोठ्याची ट्रॉली दिसायची, तिचा टोकणीशी काही संबंध नसताना.

‘वेगळी वेबसाइट करू तुमची,’ मी एकदा म्हणालो. ‘स्वतंत्र नाव. कोणाची लिंक मागायला नको.’

ती पिशवीतली कोथिंबीर नीट करत होती. ‘म्हंजे मी वायली निंघू?’

‘वेबसाइटीपुरतं.’

‘वेबसाइटीत वायली निंघाली का शेडातूनबी निंघाली म्हनतीन. सासऱ्याचं नाव हाय त्याच्यावर. मले त्याच दारातून मानूस पाह्यजे.’ आणि उठता उठता, ‘परवा भासरे टेप घेऊन आलते. माहं शेड मोजून गेले. मी आत असताना.’

मी तिला पिशवी उचलून दिली.

वैशाखात मामांनी बैठक बोलावली आणि मलाही बोलावलं, कारण वेबसाइट हा आता वादाचा विषय झाला होता. मामा बांधाच्या भांडणांत म्हातारे झालेले. त्यांच्या मिशा एवढ्या भरघोस की बोललेलं आतच अडकतं आणि महत्त्वाचं तेवढंच बाहेर येतं. मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. ते अंगठ्यानं पान सरकवत गेले. बापाच्या फोटोवर थांबले, हात जोडले, मोठ्याच्या पानावर गेले. ट्रॉल्या, नांगर, आणि अगदी तळाशी एक करडी पट्टी. तिच्यात बापाचं नाव आणि ‘सर्व हक्क राखीव’. धाकट्याचं पान उघडलं. मळणीयंत्रं, आणि तळाशी पुन्हा तीच पट्टी.

‘हे काय हाय बे?’

‘फूटर,’ मी म्हणालो. ‘तळपट्टी. सगळ्या पानांच्या खाली सारखीच असते.’

‘हे कोनाच्या हिश्शात?’

‘कोणाच्याच नाही. एकदा केली की सगळीकडे तीच येते.’

मामांनी मोबाईल मांडीवर ठेवला. ‘म्हंजे हा बांध हाय.’

मग म्हणाले, ‘वावरातून वाट मांगनं चूक, मोठा म्हनते ते बरोबर. पन बांध सामाईक असते. वाट नसलेल्याले बांधावरून वाट देतेत, अर्धी याच्यातून, अर्धी त्याच्यातून. आजपावतर असंच चालत आलं. काय रे मोठ्या?’

मोठ्याची पंचाईत झाली. बांधावरच्या वाटेला नाही म्हणणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचा आहे. भांडतात सगळे, नाही कोणी म्हणत नाही. त्यानं माझ्यावर बोट रोखलं. ‘पायवाट! गाडीवाट नाही. बारीक अक्षरात. आन् रंग देऊ नको लेका, करडीच राहू दे.’

वहिनी भिंतीला म्हणाली, ‘भासऱ्यायले म्हना, चालन.’

मी तिथंच बसून तळपट्टीत लिहिलं, ‘टोकणयंत्र’, मुंगीनं चष्मा लावून वाचावं एवढ्या अक्षरात. आणि आठवडा जातो न जातो तोच बॉट आला. होळीपासून ज्या पानाचा नुसता शेरा होता, ते नोंदीत आलं. वहिनी बाजाराला आली, ‘टाका’ म्हणाली, मी टाकलं, आणि सरकवत सरकवत खूप खाली गेल्यावर तिचं यंत्र दिसलं. ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, ‘इतक्या खाली कोन येते भाऊ?’

खरंच कोणी येत नव्हतं. तळपट्टीतली लिंक म्हणजे पायवाटच. बॉट तिच्यावरून येतो, पण असल्या लिंका प्रत्येक वेबसाइटच्या तळाशी पडलेल्या असतात, म्हणून तिला फार किंमत देत नाही. पानाच्या मजकुरात, शेतीबद्दल चाललेल्या बोलण्यात, ‘टोकणयंत्र’ या शब्दावरच लिंक असली तर गोष्ट निराळी. मग मशीनलाही कळतं की हे घरचे लोक आपणहून सांगताहेत, त्याअर्थी तिथं काहीतरी आहे. मृगाला पंधरवडाही उरला नव्हता आणि शेडच्या भिंतीला यंत्रं टांगलेली होती.

धाकटा मळणीयंत्राचा नवा फोटो द्यायला आला तेव्हा मी फोटो चढवता चढवता सहज म्हणालो, ‘लोक मोठ्या दादांचं नाव काढून राहिले. वहिनीला वाट दिली म्हणतात.’

‘अर्धी माही हाय!’

‘हो ना. पण म्हणतात, मोठ्यानं दिली म्हणून धाकट्याला द्यावी लागली.’

असं म्हणणारे लोक कोण, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला जन्माला घालावे लागले असते. त्याचे कान लाल झाले. ‘मी काऊन मांगं राहू? दादानं पायवाट देल्ली ना? मी गाडीवाट देतो. लिव्ह!’

त्याच्या मळणीयंत्राच्या पानावर, ऐन मधे, आम्ही लिहिलं: ‘मळणी आमच्याकडे, पण पेरणीसाठी आमच्या वहिनीचं टोकणयंत्र पाहा.’ लिंक ‘टोकणयंत्र’वर, ठळक, निळी.

मोठ्याला कळवणं माझं कर्तव्य होतं. एक भाऊ वेबसाइटीत बदल करतो आणि दुसऱ्याला पत्ता नाही, हे बरं दिसत नाही. मी फोन केला. पुढची बस येऊन थांबली आणि तो उतरला.

‘धाकटा मोठा झाला का आता?’ तो दारातूनच गरजला. चहावाल्याची किटली छपरावर हलली. ‘आमच्या वहिनीचं म्हनते! वहिनी त्याची, पन सून कोनाची? बाबाची! बाबाच्या पानावर लिव्ह. फोटोच्या खाली. पह्यल्या पानावर!’

‘वहिवाट लागेल दादा.’

‘लागू दे! तुह्या बापाची वाट हाय का?’

मग दोन दिवस माझं दुसरं काम बंद. मोठ्यानं पहिल्या पानावर दोन ओळी दिल्या, तर धाकट्यानं यंत्राचा फोटो दिला. मोठ्यानं नांगराच्या पानावर लिहायला लावलं की नांगरून झालं की टोकणीला इथं या. धाकट्यानं विचारलं, लिंक जाड्या लोखंडाची करता येते का. मला सोनाळ्याचा संत्रेवाला डोळ्यांपुढं दिसायला लागला आणि मी दोघांनाही संगणक बिघडल्याचं सांगून घरी पाठवलं. एवढं पुरे होतं. तीन पानं आता एकमेकांना धरून होती, वरून खाली आणि आडवी. बॉट मोठ्याकडून आला तरी वहिनीकडे पोचत होता आणि धाकट्याकडून आला तरी.

भाऊ भावाशी अजूनही बोलत नव्हते. भिंती होत्या तेवढ्याच होत्या.

वहिनीचा पहिला फोन लोणारकडून आला, दुसरा जालन्याच्या बाजूनं, आणि मग तिचा मोबाईल असा वाजायला लागला की वेल्डिंगच्या आवाजात तोच ऐकू यायचा. एकानं विचारलं, खडकाळ रानात चोच वाकते का. ती म्हणाली, ‘वाकली तं घेऊन या, सरळ करून देते. तुमची पाठ वाकली तं माह्याच्यानं व्हनार नाही.’ त्यानं दोन यंत्रं नेली. गावातली माणसं म्हणतात की त्या आठवड्यात शेडपुढं गाड्यांची रांग थेट लोणारच्या सरोवरापर्यंत गेली होती. गावातल्या माणसांना वाढवून सांगायची सवय आहे. माझ्या पाहण्यात रांग वळणापर्यंतच होती.

मृग लागला त्या दिवशी मामा आले. मी माझ्या कामासाठी, म्हणजे काय होतं ते बघण्यासाठी, आधीच जाऊन उभा होतो. मामा शेडच्या दारात थांबले. भिंतीवर चोचींच्या मोकळ्या पट्ट्या लटकत होत्या, टांगलेलं यंत्र एकही नव्हतं. जी होती ती जमिनीवर, काही तयार, काही अर्धवट, आणि प्रत्येकाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली. वहिनीनं घाईघाईनं पदर घेतला, हातात वेल्डिंगची कांडी तशीच.

मामांनी आत पाऊल ठेवलं नाही. ठेवायला जागाच नव्हती. मिशांतून तेवढंच बाहेर आलं, ‘शेड सुनेचं. झालं.’ आणि ते धाकट्याकडे चहाला गेले.

मोठा फाटकात ट्रॅक्टर घेऊन उभा होता, मागं रिकामी ट्रॉली. मामांचं बोलणं त्यानं ऐकलं होतं. त्याचं तोंड पाहून मला काही कळलं नाही. इंजिन चालूच होतं, आणि त्याच्या वरून तो मला म्हणाला, ‘तिले सांग, जालन्याकडं चाललो. मशिनी पोचवायच्या असतीन तं भरा म्हना.’

मी वळलो. तिनं ऐकलेलंच होतं.

‘भासऱ्यायले म्हना, गाडी मांगून लावा. पुढं मानसं यंत्र तपासून राह्यले.’

मोठ्यानं ट्रॉली मागं घेतली. वाटणीच्या भिंतीला थोडी घासली, कोपऱ्याचं प्लॅस्टर पडलं. त्यानं उतरून पाहिलं, पायानं ते बाजूला सारलं आणि ट्रॉलीचं मागचं फाळकं उघडलं.